बंद दारामागचा अर्धा तास

एका मोठ्या इंग्रजी घरातली झोपायची खोली, आणि तिच्यात एक भलंमोठं लाकडी कपाट. घरात साखरपुड्याची पार्टी चालू आहे आणि पाहुणे ‘सार्डिन्स’ खेळताहेत. हा खेळ म्हणजे उलटा लपंडाव. एकानं लपायचं, बाकीच्यांनी शोधायचं. ज्याला तो सापडेल त्यानं ओरडायचं नाही, गुपचूप त्याच्याच शेजारी जाऊन लपायचं. असं करत करत सगळे एकाच जागेत कोंबले जातात आणि शेवटी शोधणारा एकटा उरतो. तर त्या कपाटात एकेक पाहुणा शिरत जातो. कुणाचं कुणाशी जुनं वैर आहे, कुणाच्या अंगाला वास येतो, कुणाला नको त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं. आपण हसत असतो. अर्ध्या तासाच्या शेवटी मात्र हसू कधी मावळलं ते आपल्यालाही सांगता येत नाही.

‘इनसाइड नंबर नाइन’ या बीबीसीच्या मालिकेचा हा पहिला भाग. तो ५ फेब्रुवारी २०१४ रोजी बीबीसी टूवर दाखवला गेला. स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ हे दोघे मालिकेचे लेखक आणि तेच तिचे मुख्य नट. जून २०२४मध्ये मालिका संपली तेव्हा नऊ पर्वं आणि ५५ भाग झाले होते. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र, पात्रं नवी, जागा नवी. कायम राहतात त्या मोजक्या गोष्टी: कुठेतरी ९ हा आकडा असतो, घराचा, फ्लॅटचा किंवा रेल्वेच्या डब्याचा, आणि नेपथ्यात कुठेतरी सशाची एक मूर्ती ठेवलेली असते. ती शोधणं हा तिथल्या चाहत्यांचा आवडता उद्योग होऊन बसला.

स्वतंत्र गूढकथांच्या अशा मालिका ब्रिटनमध्ये साठएक वर्षं सातत्यानं होत आल्या आहेत. त्यातल्या चांगल्या भागांची बांधणी कशी असते ते इथे सावकाश उलगडून बघू. या गोष्टींत भीती आणि विनोद शेजारी शेजारी असतात, एवढं सगळेच सांगतात. माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. या गोष्टींत विनोद हा रहस्याचा आडोसा असतो. माणूस हसतो तेव्हा तो तपासायचं थांबतो, आणि लेखक नेमक्या त्याच क्षणी पुराव्याची वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर ठेवून जातो.

हे सांगताना दोन गोष्टींचे शेवट फोडावे लागतील. त्यातला एक जगजाहीर आहे. दुसरा येण्याआधी इशारा देईन.

आधी ही परंपरा तिथेच का रुजली ते पाहू. ब्रिटिश टेलिव्हिजन सुरुवातीपासून रंगभूमीच्या फार जवळ राहिलं. १९५६मध्ये आयटीव्हीवर ‘आर्मचेअर थिएटर’ सुरू झालं, १९६४मध्ये बीबीसीवर ‘द वेन्सडे प्ले’ आलं आणि १९७० ते १९८४ या काळात ‘प्ले फॉर टुडे’ चाललं. आज एक नाटक, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच लेखकाचं दुसरं नाटक, अशी ही पद्धत होती. त्यामुळे एका बैठकीत सुरू होऊन संपणारी गोष्ट बघायची सवय तिथल्या घराघरांत होती. गूढकथेला हे फार मानवतं. कारण गूढकथा लांबली की पातळ होते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. मतकरी नाटककारही होते आणि पडदा केव्हा पाडायचा ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरं कारण नाताळ. इंग्लंडात नाताळ हा भुताच्या गोष्टींचा काळ. बाहेर साडेचारलाच अंधार, आत शेकोटी आणि जमलेली घरची माणसं. एम. आर. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रोव्होस्ट, जुन्या हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक. नाताळात ते मित्रांना आणि विद्यार्थ्यांना आपल्या खोलीत बोलावून मेणबत्तीच्या उजेडात स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवत. त्यांचा पहिला संग्रह १९०४चा. १९७१च्या नाताळच्या आदल्या रात्री बीबीसीनं जेम्स यांच्या गोष्टीवरचा ‘द स्टॉल्स ऑफ बार्चेस्टर’ दाखवला आणि ‘अ घोस्ट स्टोरी फॉर ख्रिसमस’ ही वार्षिक प्रथा सुरू झाली. लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी १९७८पर्यंतच्या आठांपैकी सात फिल्म दिग्दर्शित केल्या.

क्लार्क स्टुडिओत अडकून पडले नाहीत. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन ते खऱ्या जागी गेले. १९७२च्या ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’मध्ये नॉरफोकचा समुद्रकिनारा आहे: सपाट वाळू, पाइनची झाडी, कोवळं फिकट ऊन. भर दुपारी, लख्ख उजेडात, लांबवर एक काळी आकृती उभी दिसते. ती धावत नाही, ओरडत नाही. फक्त दर वेळी आधीपेक्षा थोडी जवळ असते. भूत किती कमी दाखवावं याचा हा वस्तुपाठ आहे, आणि आजचे लेखकही तो गिरवतात. १९७६मध्ये क्लार्क यांनी डिकन्सची ‘द सिग्नलमन’ केली. डिकन्सनं ही गोष्ट १८६६मध्ये लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी स्टेपलहर्स्टला झालेल्या रेल्वे अपघातातून तो स्वतः वाचला होता. फिल्ममध्ये डेनहोम इलियट यांनी केलेला सिग्नलमन बघताना ती धास्ती अजून ताजी वाटते. मला या मालिकेतली ही सर्वांत पूर्ण फिल्म वाटते.

ही झाली गंभीर शाखा. काळ्या विनोदाची शाखा निराळी, आणि तिचा मोठा आधार रोआल्ड डाल. १९७९मध्ये नॉर्विचच्या अँग्लिया टेलिव्हिजननं ‘टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड’ सुरू केली. ती १९८८पर्यंत चालली आणि तिचे ११२ भाग झाले. सुरुवातीच्या पर्वांत डाल स्वतः शेकोटीजवळ खुर्चीत बसून गोष्टीची ओळख करून देत. शीर्षकाला रॉन ग्रेनर यांची गरगरती चाल आणि तिच्यावर नाचणाऱ्या बाईची काळी छाया. ब्रिटनमधली एक अख्खी पिढी ती चाल ऐकून आजही सावरून बसते.

डाल यांची ‘लँब टु द स्लॉटर’ ही गोष्ट या मालिकेत आली तेव्हा सुझन जॉर्ज आणि ब्रायन ब्लेस्ड यांनी त्यात कामं केली. गोष्ट १९५३ची आणि जगप्रसिद्ध, म्हणून सांगून टाकतो. एक गरोदर बायको. नवरा पोलिसात. तो एका संध्याकाळी घरी येऊन तिला सोडून जाणार असल्याचं सांगतो. ती फ्रीझरमधून बर्फासारखी कडक झालेली कोकराची तंगडी काढते आणि त्याच्या डोक्यात घालते. मग तीच तंगडी भट्टीत भाजायला ठेवते. तपासाला आलेले पोलीस हत्यार शोधून दमतात. ती त्यांना जेवायला वाढते. हत्यार इथेच कुठेतरी नाकासमोर असणार, असं म्हणत ते हत्यार खातात.

इथे प्रेक्षकाला सगळं माहीत आहे आणि पात्रांना काहीच नाही. गंमत त्या अंतरातून येते. बाई शांत आहे, पोलिसांची तिच्याशी वागणूक मायेची आहे, घरात मांसाचा खमंग वास आहे. एकही गोष्ट भयंकर दिसत नाही. आणि खुनाच्या घरात बसून आपण चक्क खुनी बाईच्या बाजूनं श्वास रोखून धरतो. डालचं सामर्थ्य इथे आहे: तो वाचकाला साथीदार करून घेतो.

‘इनसाइड नंबर नाइन’ बहुतेक वेळा याच्या उलट चालते. तिथे लेखकाला आणि कधीकधी एखाद्या पात्राला सगळं माहीत असतं, अंधारात असतो तो प्रेक्षक. हे साधायला जास्त अवघड. कारण शेवटी पडदा उठल्यावर प्रेक्षकाला ‘आपल्याला फसवलं’ असं वाटून चालत नाही. ‘हे तर सगळं समोरच होतं, मी बघितलं नाही’ असं वाटावं लागतं.

आता यातली प्रत्येक गोष्ट एकाच जागेत का घडते, याकडे येऊ. याचं मूळ पैशात आहे. नेहमीच्या मालिकेत एकदा घराचा सेट उभा केला की तो शंभर भागांना पुरतो. इथे दर आठवड्याला नवं घर, नवे कपडे, नवे नट. खर्च आवाक्यात ठेवायचा तर गोष्ट एका जागेत आणि जवळजवळ सलग काळात घडवावी लागते. पेम्बर्टन-शिअरस्मिथ हे आधी ‘द लीग ऑफ जेंटलमेन’ या चौकडीतले. मार्क गॅटिस आणि जेरेमी डायसन हे बाकीचे दोघे. पुढे पेम्बर्टन आणि शिअरस्मिथ या दोघांनी ‘सायकोव्हिल’ ही मालिका केली. २००९मध्ये तिचा एक भाग त्यांनी एका खोलीत, केवळ दोन सलग शॉट्समध्ये चित्रित केला. हिचकॉकच्या ‘रोप’ला तो मानाचा मुजरा होता. त्या भागानं त्यांना पुढची वाट दाखवली: एक खोली पुरते.

पुरते म्हणजे काय, ते ‘सार्डिन्स’मध्ये बघण्यासारखं आहे. उघड्या मैदानात एखाद्याला नको असलेला माणूस भेटला तर तो सरळ निघून जाईल. कपाटात निघून जाता येत नाही. खेळाचा नियम त्याला तिथे उभा करतो, सभ्यपणा त्याला गप्प बसवतो, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर हवा कमी होत जाते. सहा जण मावतील तिथे डझनभर माणसं आली की कुणाचा कोपर कुणाला लागतो, कोण अंग चोरतं, कोण कुणाच्या शेजारी उभं राहायला तयार नाही, हे सगळं आपोआप दिसतं. या अंग चोरण्यात कथेचं मर्म आहे. लेखकांनी ते उघड ठेवलंय. आपल्याला वाटतं, हा इंग्रजी संकोचाचा विनोद चाललाय.

याच मालिकेच्या पहिल्या पर्वातला दुसरा भाग, ‘अ क्वाएट नाइट इन’. यात जवळजवळ संवादच नाहीत. काचेच्या भिंतींचं एक श्रीमंती घर; दोन चोर एक चित्र चोरायला शिरलेत. संवाद नसलेला भाग करायचा असं एकदा ठरवलं की बरेच लेखक मूकपटाची नक्कल करतात. इथे शांततेला कारण दिलंय, आणि तेही दोन्ही बाजूंनी. चोर बोलत नाहीत कारण घरात माणसं आहेत. घरातली माणसं बोलत नाहीत कारण नवरा-बायकोचं बिनसलंय. एकाच घरात दोन वेगवेगळ्या कारणांनी चार माणसं मुकी, आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर. शेवटच्या मिनिटांत शब्द उच्चारले जातात तेव्हा ते दगडासारखे पडतात.

आवाजाबद्दल इथेच थोडं थांबायला हवं, कारण हे तंत्र जुनं आहे. १९७६मध्ये नायजेल नील यांनी एटीव्हीसाठी ‘बीस्ट्स’ ही सहा स्वतंत्र गोष्टींची मालिका लिहिली. त्यातली ‘ड्युअरिंग बार्टीज पार्टी’ म्हणजे घरात अडकलेलं एक मध्यमवयीन जोडपं आणि जमिनीखाली उंदीर. एकही उंदीर पडद्यावर येत नाही. फरशीखालून आधी एकाच ठिकाणी कुरतडल्याचा आवाज येतो. मग दोन ठिकाणी. मग तो थांबतो, आणि थांबणं जास्त भयंकर असतं, कारण ते ऐकताहेत असं वाटायला लागतं. मध्ये रेडिओवर बार्टी नावाच्या निवेदकाचा उत्साही कार्यक्रम चालू असतो. बायको त्या कार्यक्रमाला फोन लावते. तिच्या जिवावर बेतलंय, आणि पलीकडे कार्यक्रमाची हलकीफुलकी बडबड. तो निवेदकाचा हसरा आवाज नसता तर गोष्ट निम्मी राहिली असती. इथेही हसरा सूर भीतीला वाट करून देतो.

विनोदाचा आडोसा नेमका कसा उभा करतात, हे समजायला शब्दकोड्याची मदत होते. २०१७चा ‘द रिडल ऑफ द स्फिंक्स’ हा भाग केंब्रिजच्या एका प्राध्यापकाच्या खोलीत घडतो. रात्री एक तरुणी शब्दकोड्याची उत्तरं मागायला तिथे शिरते. पेम्बर्टन स्वतः कोडी रचणारे. भागातलं कोडं त्यांनीच बनवलं आणि प्रक्षेपणाच्या दिवशी ते ‘द गार्डियन’मध्ये छापूनही आलं. इंग्रजी गूढ शब्दकोड्यातला प्रत्येक संकेत वरवर एक साधं वाक्य असतो. पण त्यातला एकेक शब्द आत दुसरंच काम करत असतो. संकेत रचणाऱ्यावर एकच बंधन: वाक्य प्रामाणिक हवं. ते दिशाभूल करू शकतं, खोटं बोलू शकत नाही. या मालिकेचे चांगले भाग असेच लिहिलेले आहेत. एखादं पात्र गमतीत जे बोलतं तेच शब्दशः खरं ठरतं. आपण गंमत म्हणून सोडून दिलेलं असतं.

आता दुसरा शेवट. ज्यांना ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिस्टीन’ पाहायचा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

एप्रिल २०१५चा हा भाग गिएम मोरालेस यांनी दिग्दर्शित केला, आणि शेरिडन स्मिथ त्यात ख्रिस्टीन आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री वेशभूषेच्या पार्टीहून ती एका तरुणाला घेऊन आपल्या नऊ नंबरच्या फ्लॅटवर येते. पुढचा प्रसंग पुढच्या वर्षीचा. मग आणखी पुढचा. प्रत्येक प्रसंग कॅलेंडरवरच्या एखाद्या दिवसाचा: व्हॅलेंटाइन डे, ईस्टर, वाढदिवस. लग्न, मूल, कुरबुरी, वेगळं होणं, वडिलांचं जाणं. हे सगळं हलक्याफुलक्या घरगुती विनोदात चाललंय. मध्येच रात्री रेनकोट घातलेला एक अनोळखी माणूस घरात उभा दिसतो. ख्रिस्टीनला दिवसांचा हिशेब लागेनासा होतो. एक गाणं पुन्हा पुन्हा कानावर येतं. आपण तर्क करत राहतो: भूत असेल, पाळत ठेवणारा असेल, किंवा हिच्या मनाचा तोल जात असेल.

शेवटी कळतं की ख्रिस्टीन मोटार अपघातात जखमी होऊन शेवटचे श्वास घेते आहे. रेनकोटमधला माणूस अपघाताच्या जागचा आहे. फ्लॅटमधले ते बारा दिवस म्हणजे मरताना डोळ्यांपुढून सरकणारं तिचं आयुष्य. आई, नवरा, मित्र, मूल आणि गेलेले वडील, सगळे नाताळच्या जेवणाला टेबलाभोवती जमतात, कारण तिला त्यांचा निरोप घ्यायचा असतो.

यातली कारागिरी बघा. एका प्रसंगातून थेट पुढच्या वर्षात उडी मारणं ही पडद्यावरची रोजची रीत आहे. आपण हजारदा ती पाहिलेली असते, तिच्याकडे लक्षही देत नाही. पेम्बर्टन आणि शिअरस्मिथ यांनी रहस्य लपवलंय ते नेमकं त्या रीतीत. वर्षं अशी उडत होती कारण आठवणी तशाच उडत जातात. सगळ्यात मोठा पुरावा गोष्टीच्या घाटात होता, आणि घाटाकडे संशयानं कोण बघतं? म्हणून दुसऱ्यांदा पाहताना या भागात रहस्य उरत नाही तरी तो अधिक हलवून सोडतो. ख्रिस्टीनच्या आयुष्यातल्या साध्यासुध्या कटकटी किती मोलाच्या होत्या ते तेव्हा दिसतं. माझ्या मते गेल्या काही दशकांत ब्रिटिश टेलिव्हिजननं दिलेला हा सर्वांत उत्तम अर्धा तास आहे, आणि त्यात भूत नाही.

या प्रकाराची एक अडचण त्याच्या जन्मातच आहे. शेवटी धक्का बसणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक सावध होऊन बसतो. ‘टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड’च्या नावातच अनपेक्षिताचं आश्वासन होतं. डाल यांच्या गोष्टी संपत आल्या, इतरांच्या घ्याव्या लागल्या, तसं प्रेक्षकाला वळण आधीच दिसू लागलं. नंतरच्या पर्वांतले कित्येक भाग मला केवळ त्या शेवटच्या वाक्यासाठी ताणलेले वाटतात. पेम्बर्टन-शिअरस्मिथ यांनी यावर दोन उपाय काढले. एक, दर वेळी धक्का द्यायचाच असं नाही. २०१८च्या ‘बर्नी क्लिफ्टन्स ड्रेसिंग रूम’मध्ये दोन म्हातारे विनोदी नट तीस वर्षांनी एका रिकाम्या हॉलमध्ये भेटतात आणि आपले जुने प्रवेश पुन्हा बसवतात. तो भाग मैत्रीवरचा आहे, आणि डोळे पुसत उठावं लागतं. दुसरा उपाय असा की घाटच बदलत राहायचा. ‘झांझिबार’ हा भाग हॉटेलच्या एका मजल्यावर, शेक्सपिअरच्या छंदात लिहिलेला आहे. ‘वन्स रिमूव्ड’ उलट्या क्रमानं सांगितलाय. ‘कोल्ड कम्फर्ट’ मदतवाहिनीच्या कचेरीतल्या पाळत-कॅमेऱ्यांतून दिसतो. प्रेक्षक सावध असला तरी कोणत्या बाजूला सावध राहायचं ते त्याला कळत नाही.

याच हट्टातून या मालिकेनं टेलिव्हिजनचा संचच झपाटून टाकला. त्याला एक पूर्वज आहे. ३१ ऑक्टोबर १९९२च्या रात्री बीबीसी वननं ‘घोस्टवॉच’ दाखवलं. लंडनमधल्या एका सामान्य घरात भूत आहे का याचं थेट प्रक्षेपण, असा त्याचा आव. स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेलं हे नाटक आधीच चित्रित केलेलं होतं. पण सूत्रसंचालन करत होते मायकेल पार्किन्सन, म्हणजे ज्यांच्या मुलाखती पाहत देश मोठा झाला होता ते गृहस्थ. इतर चेहरेही रोजचेच. अनेकांनी ते खरं मानलं, तक्रारींचा पाऊस पडला, आणि बीबीसीनं ते पुन्हा कधी प्रक्षेपित केलं नाही. भीती इथे भुताची कमी होती. ज्या चेहऱ्यावर आपण विश्वास टाकतो त्याचाच आधार सुटण्याची होती.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘इनसाइड नंबर नाइन’चा ‘डेड लाइन’ हा भाग मात्र खरोखर थेट प्रक्षेपित झाला. एका म्हाताऱ्याला कब्रस्तानात मोबाइल सापडतो, अशी सुरुवात. काही मिनिटांत आवाज बिघडला. निवेदिकेनं दिलगिरी व्यक्त केली. बिघाड दुरुस्त होईना, म्हणून ‘अ क्वाएट नाइट इन’ हा जुना भाग लावण्यात आला. अनेकांनी इथे खरोखर चॅनल बदललं. जे थांबले त्यांना थोड्या वेळानं दिसलं की जुन्या भागात काहीतरी बरोबर नाही. मग पडद्यावर ड्रेसिंग रूम आली आणि तिथे बसलेले दोघे लेखक. शिअरस्मिथ यांनी त्या क्षणी प्रेक्षकांना दिसत असतानाच ट्विटरवर विचारलं की आम्ही आत्ता बीबीसी टूवर दिसतोय का. हातात फोन घेऊन बसलेल्या प्रेक्षकाला तो संदेश त्याच क्षणी मिळाला. आवाज जाणं आधीपासून ठरलेलं होतं, दिलगिरी कथेचा भाग होती. आणि जुना भाग निवडलाय तोही बिनसंवादाचा: आवाज गेलाय की नाही, हे ठरवायची सोयच ठेवली नाही. असा बारकावा पाहिला की मी लेखकांना मनापासून दाद देतो.

२०१६च्या नाताळचा ‘द डेव्हिल ऑफ ख्रिसमस’ याच कुळातला. सत्तरच्या दशकात ब्रिटिश स्टुडिओत नाटकं चित्रित होत तशी, त्या काळच्या कॅमेऱ्यांनी, मुद्दाम थोडी लटपटती केलेली एक भयकथा आपण पाहतो, आणि वरून तिचा दिग्दर्शक डेरेक जेकोबी यांच्या आवाजात आपल्याला निर्मितीच्या आठवणी सांगतो. इथे हललेली भिंत, तिथे चुकलेला संवाद. आपण त्या जुन्या जमान्याला हसत बसतो. हे हसूच आपल्याला कुठे नेऊन सोडतं ते सांगत नाही. एवढंच म्हणतो की ज्यांचं मन हळवं आहे त्यांनी हा भाग एकट्यानं पाहू नये.

२०२३मध्ये तर पेम्बर्टन-शिअरस्मिथ यांनी ‘होल्ड ऑन टाइट!’ नावाच्या, बसमध्ये घडणाऱ्या भागाची रीतसर जाहिरात केली, छायाचित्रंही दिली. त्या रात्री बसचा भाग आलाच नाही. त्याऐवजी ली मॅक यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘थ्री बाय थ्री’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला.

या सगळ्या खेळाखाली एक रागही असतो, आणि तो विसरता कामा नये. १९७२मध्ये बीबीसीच्या ‘डेड ऑफ नाइट’ या मालिकेत डॉन टेलर यांचं ‘द एक्सॉर्सिझम’ आलं. त्या मालिकेच्या सात भागांपैकी तीनच आज शिल्लक आहेत, त्यातलं हे एक. दोन सुखवस्तू जोडपी खेड्यातल्या नव्यानं सजवलेल्या जुन्या झोपडीत नाताळचं जेवण करायला बसतात. वाइन रक्तासारखी लागते, अन्न जीभ भाजतं. त्या घरात कधीकाळी उपाशी मेलेल्या बाईची कहाणी त्यांना त्याच टेबलावर बसून ऐकावी लागते. भूत इथे न्याय मागायला येतं. या परंपरेतल्या चांगल्या गोष्टींमधलं भूत असंच येतं: कुणीतरी काहीतरी दडपलेलं असतं, आणि ते कपाटात, फरशीखाली, जुन्या चित्रफितीत वाट बघत असतं. चार्ली ब्रुकर यांच्या २०११पासूनच्या ‘ब्लॅक मिरर’मध्ये भुताची जागा यंत्रानं घेतली, पण हिशेब तोच राहिला. दरम्यान गॅटिस यांनी २०१३पासून नाताळच्या भूतकथेची प्रथा पुन्हा हाती घेतली आणि एम. आर. जेम्स पुन्हा घराघरांत पोचले.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘सार्डिन्स’पासून करावी, मग ‘अ क्वाएट नाइट इन’, मग ‘ख्रिस्टीन’. ‘डेड लाइन’ त्यानंतरच पाहावा, कारण ‘अ क्वाएट नाइट इन’ ठाऊक असल्याशिवाय त्यातली खुबी निम्मी हातची जाते. त्यानंतर जुन्यांकडे वळून ‘द सिग्नलमन’ आणि ‘ड्युअरिंग बार्टीज पार्टी’ पाहावं. भागाचा सारांश आधी वाचू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि एखाद्या वाक्याला हसू आलं की ते वाक्य लक्षात ठेवा.